वाळूत हरवलेली अंगठी चाळणीने खरंच सापडते का?

हे रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. परदेशातला कुठलातरी बीच. एक माणूस लांब दांड्याचा, भोकं पाडलेला स्टीलचा डबा वाळूत खुपसतो, पायाने दाबतो, उचलून दोनदा हलवतो. वाळू गळून जाते आणि तळाशी चमकत असते सोन्याची अंगठी. खाली कमेंटमध्ये ठरलेले दोन प्रश्न: "हे कुठे मिळतं?" आणि "जुहूला असं सोनं सापडेल का?"

काही जण व्हिडिओसाठी वस्तू आधी पुरून ठेवतात, तो भाग सोडून द्या. पण खऱ्या व्हिडिओतही चाळण्याच्या आधी काय झालं ते दिसत नाही आणि खरं काम तिथेच असतं. चाळणी वस्तू शोधत नाही. शोधायची जागा लहान झाली, की मग चाळणी कामाला येते.

साधा हिशोब करू. तुमची अंगठी 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद पट्ट्यात "कुठेतरी" पडली आहे. 20 सेंटीमीटर खोल चाळायचं ठरवलं तर वाळू होते 20 घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण 1,600 किलो भरते. म्हणजे 32 टन! दोन-तीन डंपर वाळू हाताने चाळायची. आता समजा, अंगठी नेमक्या कुठल्या एक मीटरच्या चौकोनात पडली ते तुम्हाला माहीत आहे आणि पडून दहाच मिनिटं झाली आहेत. वरची 10 सेंटीमीटर वाळू पुरे. ती भरते 160 किलो. एका खेपेला चार किलो धरली तर 40 खेपा. दोघांनी मिळून केलं तर तासाभराचं काम.

सोनं खाली का जातं?

वाळूचा दाणा बहुतेक वेळा क्वार्ट्झचा असतो. तो पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड असतो. शुद्ध सोनं 19.3 पट जड. 22 कॅरेटचा दागिना थोडा हलका, पण तरी वाळूच्या सहापटीहून जास्त. कोरड्या वाळूत अंगठी पडली तर ती वरच्या थरातच राहते. पाय पडले, मुलांनी खेळताना उकरलं, तर थोडी खाली जाते. ओल्या पट्ट्यात मात्र गोष्ट वेगळी. प्रत्येक लाटेबरोबर वाळूचे दाणे क्षणभर सुटे होतात आणि तेवढ्यात जड वस्तू थोडी आणखी खाली सरकते. कठीण चिकणमाती किंवा शिंपल्यांचा घट्ट थर लागला की थांबते. म्हणून अनुभवी शोधकांना अंगठ्या, नाणी आणि मासेमारीची शिशाची वजनं बऱ्याचदा एकाच खळग्यात सापडतात.

हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. सराफ बाजारातले झारेकरी सोनारांच्या दुकानातला कचरा, राख, धूळ विकत घेतात, चाळतात, पाण्यात धुतात आणि जड असल्यामुळे तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेगळे करतात. पण झारेकरी रस्त्यावरची कुठलीही धूळ चाळत बसत नाही. सोनं जिथे पडतं, तीच धूळ तो घेतो.

हत्यारं कोणती?

कोरड्या वाळूसाठी लाकडी चौकटीची जाळी किंवा हातातली चाळणी. अंगठीला पाच-सहा मिलिमीटरचं भोक चालतं. नथीचा मोती, कुडीचं मळसूत्र किंवा चमकी शोधायची असेल तर घरची रव्याची चाळणी आणा, मोठ्या जाळीतून ती सहज निसटते. बारीक चेन तर भोकातून सापासारखी सरकून जाते, म्हणून तिलाही बारीकच जाळी लागते.

ओली वाळू चाळणीत गोळा होऊन बसते. तिथे रीलमधला तो डबा लागतो. पुऱ्या तळायचा झारा मोठा आणि खोलगट करून त्याला फावड्याचा दांडा लावावा, तसं ते साधन. ते वाळूने भरायचं, पाण्यात बुडवायचं आणि हलवायचं. वाळू पाणीच काढून नेतं.

जागा माहीत नसेल तर आधी मेटल डिटेक्टर. त्याची कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्याने धातूत विजेचे भोवरे उठतात आणि यंत्र ते पकडतं. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच प्रकारचं यंत्र वापरलं होतं. तो प्रयत्न फसला, पण कल्पना टिकली.

समुद्रावर या यंत्राचे हाल होतात. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे साधी, व्हीएलएफ प्रकारची यंत्रं ओल्या पट्ट्यात उगाच वाजत राहतात. पल्स इंडक्शन प्रकारची यंत्रं तिथे बरी चालतात, पण त्यांना सोनं आणि खिळा यांतला फरक नीट कळत नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी तर बऱ्याच डिटेक्टरना सारखीच "ऐकू" येते. त्यामुळे एका अंगठीमागे कचऱ्याची पिशवी भरते. (किनाऱ्याचा तेवढाच फायदा.)

कोकणात आणखी एक अडचण आहे. रत्नागिरीत एका बाजूला "पांढरा समुद्र" आणि दुसऱ्या बाजूला "काळा समुद्र" म्हणतात. तो काळेपणा वाळूतल्या इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशा लोहयुक्त खनिजांचा. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं, त्यामुळे अशा वाळूत साधा डिटेक्टर गोंधळतो. पण हीच काळी वाळू एक खूणही देते. लाटांनी जिथे जड खनिजांचे काळे पट्टे साठवले आहेत, तिथे पाण्याने जड गोष्टी मागे ठेवल्या आहेत, हे उघड आहे.

आणि मंगळसूत्र? काळे मणी काचेचे, डिटेक्टरला ते दिसतच नाहीत. बारीक कड्यांची साखळीही तो फार कमकुवत पकडतो, कारण प्रत्येक कडी त्याच्या दृष्टीने वेगळी, इवलीशी वस्तू असते. वाजल्या तर वाट्या वाजतील. त्यामुळे मंगळसूत्र कोरड्या वाळूत पडलं असेल तर डिटेक्टरपेक्षा चाळणीवर माझा भरवसा जास्त.

हरवल्यावर पहिली दहा मिनिटं

सगळ्यात मोठं नुकसान आपले मदतीला धावलेले लोकच करतात. चार जण हाताने उकरायला लागले की वस्तू खाली जाते, वर आणखी वाळू पडते आणि मूळ जागाही पुसली जाते. म्हणून आधी सगळ्यांना थांबवा. जागेवर चप्पल किंवा छत्री रोवा. मागे माड, दुकान, खांब दिसेल असे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. मोबाइलचं लोकेशन पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं आणि तेवढ्यात आपला हिशोब पुन्हा 32 टनांवर जातो. वस्तू पाण्यात पडली असेल तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. समुद्रात जागा लक्षात ठेवायची ही जुनी कोळी पद्धत आहे.

मग टॉवेल, पिशव्या, कपडे एका चादरीवर झटका. बरेच दागिने तिथेच निघतात. नंतर दोरीने किंवा काठीने चौकोन आखा आणि एकेक चौकोन संपवत जा. चाळलेली वाळू तपासून झालेल्या बाजूलाच टाका.

ओल्या पट्ट्यात पडलं असेल तर ओहोटीची वाट पाहा. कोकणात भरतीचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. आडाखा अंदाजाचा आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वात लांब मागे जातं, तेव्हा शोधायला जास्त किनारा मिळतो. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. एरवीही गुडघ्यापेक्षा खोल खड्डा नको, कारण वाळूच्या भिंती न सांगता कोसळतात.

मुंबईच्या चौपाट्यांवर सफाई यंत्रंही वाळू चाळून कचरा उचलतात. त्यामुळे जीवरक्षक आणि सफाई कामगार या दोघांनाही लगेच सांगून ठेवा. परदेशात यासाठी माणसं मिळतात. कॅनडातून सुरू झालेल्या "द रिंग फाइंडर्स" या यादीत डिटेक्टर घेऊन येणारे शोधक आहेत आणि त्यातले बरेच जण वस्तू सापडली तरच बक्षीस घेतात.

किनाऱ्याचाही विचार करायला हवा. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर, वाळूत दीडेक फूट खोल अंडी घालतात. घरट्यांच्या हंगामात तिथे कोरडी वाळू उकरू नका आणि कुठेही केलेला खड्डा बुजवूनच निघा.

दुसऱ्याचंच सोनं सापडलं तर?

"सापडलं ते माझं" हा खेळातला नियम आहे, कायद्यातला नाही. मालक कोण हे माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा रास्त प्रयत्न न करताच वस्तू स्वतःची करून टाकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली तो अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा होतो. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. परत करण्यासाठी उचलून जपून ठेवणं हा गुन्हा नाही. त्यामुळे वस्तू पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. फेसबुकवर पोस्ट टाकणार असाल तर दागिन्याचा पूर्ण फोटो टाकू नका, आतलं नाव किंवा तारीख झाका. ती खूण मालकालाच सांगू द्या.

जमिनीत दडलेलं जुनं नाणं किंवा ठेवा निघाला तर 1878 चा निखात निधीचा कायदा लागतो. किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हो, 10 रुपये. ही रक्कम 1878 मध्येच लिहिली गेली होती.