चालकाविना धावणारी गाडी

मुलांनो, आगगाडीच्या पुढच्या टोकाला चालक बसलेला तुम्ही पाहिला असेल. पण चालकच नसलेली गाडी पाहिली आहे का?

सिंगापूरमध्ये बुकित पंजांग नावाची वस्ती आहे. मलय भाषेत या नावाचा अर्थ 'लांब टेकडी'. तेथे ६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक छोटी रेल्वे सुरू झाली. उंच खांबांवरच्या मार्गावरून रबरी चाकांच्या या गाड्या घरांच्या अगदी जवळून धावतात. पहिल्या गाड्यांच्या खिडक्यांची तर गंमतच होती. घरे जवळ आली, की काचा आपोआप धूसर होत. त्यामुळे प्रवाशांना कोणाच्या घरात डोकावता येत नसे.

गाडी चालवतो कोण? संगणक! पण संगणक फक्त माणसाने लिहिलेल्या सूचना पाळतो. या सूचनांना 'आज्ञावली' म्हणतात. आज्ञावलीत चूक राहिली आणि धावत्या गाडीचे दार उघडले तर? केवढा अनर्थ होईल! म्हणून घर बांधण्यापूर्वी जसा नकाशा काढतात, तसे आज्ञावलीचेही चित्र आधी काढता येते.

चला, आपणही एक चित्र काढू. एक चौकोन काढा. त्यात वर लिहा 'दार'. मध्ये त्याची स्थिती लिहा : उघडे किंवा बंद. खाली त्याची कामे लिहा : उघडणे, बंद होणे. शेजारी 'गाडी'चा चौकोन काढा. तिची स्थिती म्हणजे वेग. तिची कामे : निघणे, थांबणे. आता दोन्ही चौकोन रेघेने जोडा. या रेघेवरून निरोप जातात. दार विचारते, "वेग शून्य आहे ना? तरच मी उघडीन." गाडी विचारते, "दार बंद आहे ना? तरच मी निघेन."

आता नीट पाहा. दारात कोणाचे दप्तर अडकले तर? तेव्हा दार पूर्ण उघडेही नसते आणि बंदही नसते. आपल्या चित्रात ही स्थिती राहूनच गेली! दाराच्या चौकोनात 'अडकलेले' हा शब्द लिहा. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते. रुळावरची चूक पुसता येत नाही.

अशा चित्रांसाठी १९९७ साली एकसारख्या खुणा ठरल्या. त्यांना 'यूएमएल' म्हणतात. त्यामुळे एका देशातील अभियंत्याचे चित्र दुसऱ्या देशातील अभियंत्यालाही समजते. कारखान्यांतही अशी चित्रे उपयोगी पडतात. दुग्धशाळेत दूध पुरेसे तापले नाही, तर झडप ते पुन्हा तापवायला मागे वळवते. तेथे दूध तापवणारे यंत्र, तापमापक आणि झडप असे चौकोन काढता येतील.

तुमच्या घराच्या छतावर पाण्याची टाकी असेल. 'टाकी' आणि 'पंप' यांचे चौकोन काढा. टाकी भरल्यावर ती पंपाला कोणता निरोप देईल?