परवाना हातात, म्हणजे खाण हातात?

परदेशी शेअर घेणं सोपं झाल्यापासून युरेनियम कंपन्यांबद्दल एक वाक्य सारखं कानावर पडतं : ‘परवाना मिळालाय ना, मग सरकार बदललं तरी काय बिघडतं?’ पुष्कळ बिघडतं.

गैरसमज : एकदा मिळालेला परवाना कायमचा.

वस्तुस्थिती : खाणीच्या परवान्याला मुदत असते आणि अटी असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं यीलिरी बघा. कॅनडाच्या कॅमेको कंपनीने हा साठा २०१२ मध्ये बीएचपीकडून ४३ कोटी अमेरिकी डॉलरला घेतला. खाणीमुळे तिथल्या भूजलातल्या बारीक जीवांच्या काही जाती नामशेष होतील, म्हणून राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने २०१६ मध्ये प्रतिकूल शिफारस केली. तरीही जानेवारी २०१७ मध्ये मंत्र्यांनी मंजुरी दिली. मार्चमध्ये सरकार बदललं आणि जूनमध्ये नव्या युरेनियम खाणींवर बंदी आली. आधी मंजूर झालेले चार प्रकल्प मात्र वगळले. त्यात यीलिरीही होतं.

‘सुटलो’ म्हणणाऱ्यांनी मंजुरीतली अट वाचलीच नव्हती : पाच वर्षांत प्रत्यक्ष भरीव काम सुरू झालं पाहिजे. भाव पडलेला असताना खाण खणणार कोण? जानेवारी २०२२ मध्ये मुदत संपली आणि वाढवून द्यायला सरकारने नकार दिला. परवाना रद्द करण्याचा त्रासही कुणाला घ्यावा लागला नाही. बंदी आली तेव्हा चारही प्रकल्पांना सारखीच सूट होती. मुदतीत पुरेसं काम झाल्याचं मान्य झालं ते त्यातल्या मल्गा रॉकचं.

हे एकट्या ऑस्ट्रेलियाचं वैशिष्ट्य म्हणाल, तर नायजर आहे. काम सुरू करण्याची मुदत टळल्यावर तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये फ्रान्सच्या ओरानोचा इमूरारेनचा परवाना काढून घेतला. पुढच्याच महिन्यात गोव्हीएक्स कंपनीचा माडाउएला प्रकल्पावरचा हक्कही गेला.

गैरसमज : भाव चढला की सरकारं नरमतात.
वस्तुस्थिती : जानेवारी २०२४ मध्ये युरेनियम पौंडाला १०० डॉलरवर गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची बंदी जागची हलली नाही.

गैरसमज : ऑस्ट्रेलियात युरेनियमच बंद.
वस्तुस्थिती : धोरण राज्यागणिक बदलतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम चालू आहे.

गैरसमज : एक खाण अडली की कंपनी बुडाली.
वस्तुस्थिती : कॅमेकोच्या सस्कॅचेवानमधल्या खाणी चालू आहेत. एकाच साठ्यावर उभ्या असलेल्या छोट्या कंपनीची गोष्ट मात्र निराळी.

गैरसमज : युरेनियमची बंदी फक्त युरेनियम कंपन्यांना लागते.
वस्तुस्थिती : ग्रीनलंडच्या २०२१ च्या कायद्याने युरेनियमचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या वर असलेले साठे बाद ठरवले. त्यात क्वानेफेल्ड अडकलं, जिथे मुख्य माल दुर्मीळ मृदा धातूंचा आहे.

तेव्हा कंपनीच्या सादरीकरणातला ‘मंजूर’ हा शब्द वाचून भुलू नका. मंजुरी कधीची, काम कधीपर्यंत सुरू व्हायला हवं आणि मुदतवाढ कुणाच्या हातात, हे वार्षिक अहवालात शोधा. सापडलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.