गळा पाहून बेतलेली चाल

घोडेगावसारख्या खेड्यातल्या भजनात साथीला वाजते त्या पेटीचं मूळ पॅरिसमध्ये आहे. अलेक्सांद्र दबँ यांनी 1842 साली तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी, त्याच शहरात लुईझ फारांक या पियानोवादक बाई संगीत विद्यालयात प्राध्यापक झाल्या. त्यांनी तीन सिम्फनी रचल्या, पुरुष प्राध्यापकांइतका पगार झगडून मिळवला. पेटी आपल्या खेडोपाडी पोचली. फारांकबाईंचं नाव मात्र त्यांच्याच देशात विस्मरणात गेलं.

तशीच एक संगीतकार आपल्या मुंबईत होऊन गेली. खुर्शीद मिनोचर-होमजी. जन्म 1912 चा, घर पारशी आणि गुरू साक्षात विष्णु नारायण भातखंडे! रेडिओवर गाणाऱ्या खुर्शीदना हिमांशू राय यांनी मालाडच्या आपल्या बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीत आणलं. पारशी मुलगी सिनेमात जाणार म्हणून समाजात गदारोळ उठला, तेव्हा त्यांचं नाव सरस्वतीदेवी ठेवलं गेलं. 1935 च्या ‘जवानी की हवा’पासून त्या संगीतकार म्हणून उभ्या राहिल्या.

त्यांच्यापुढचं काम किती अवघड होतं! पार्श्वगायन तेव्हा नुकतं कुठे सुरू होत होतं. बहुतेक वेळा पडद्यावर दिसणाऱ्या नटालाच गावं लागे. कॅमेऱ्यात न येता वादक आडोशाला बसत. एक सूर चुकला, की दृश्य पुन्हा पहिल्यापासून. आणि गाणार कोण, तर देविकाराणी आणि कालपर्यंत कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे अशोककुमार. दोघांपैकी एकही गवई नव्हे. भातखंड्यांच्या या शिष्येला रागदारीचं ऐश्वर्य दाखवण्याचा मोह झाला नसेल? तिनं तो आवरला. मोजके स्वर, आखूड ओळी, दम घ्यायला जागा. गळा पाहून चाल बेतली. ‘अछूत कन्या’मधलं रानपाखराचं द्वंद्वगीत म्हणूनच इतकं सोपं वाटतं. मला तर हा साधेपणा मोठमोठ्या तानांहून थोर वाटतो, कारण त्यामागची विद्या कुठे जाणवतसुद्धा नाही.

त्यांनी 1936 च्या ‘जीवन नैया’त अशोककुमारांना दिलेलं एकाकीपणाचं गाणं धाकटे बंधू किशोरकुमार यांनी 1961 मध्ये ‘झुमरू’त पुन्हा गायलं. पुढच्या पिढ्यांच्या ओठी ते किशोरदांचं म्हणूनच राहिलं.

सरस्वतीदेवी 1980 साली गेल्या. त्यांची गाणी आज मोबाइलवर सहज सापडतात. ‘जीवन नैया’तलं मूळ गाणं आधी ऐका, मग ‘झुमरू’तलं; आणि घरच्यांना ऐकवताना चाल कुणाची हे आवर्जून सांगा.