तीन पिढ्यांचा माग

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील बिगरआदिवासी कुटुंबाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा, तर १३ डिसेंबर २००५पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनक्षेत्रात राहून त्यावर पोट भरल्याचे दाखवावे लागते. थेट १९३०पर्यंत मागे जायचे. आदिवासींना ही अट नाही. जमीनही ७५ वर्षे कसलेली हवी, असे कायदा म्हणत नाही. या गैरसमजापायी कुणी दावाच सोडून देऊ नये.

गडचिरोली जिल्हा १९८२चा, त्याआधी तो चंद्रपूर म्हणजे पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या कागदांवर जिल्हा ‘चांदा’ असतो. वास्तव्याच्या पुराव्यासाठी बंदोबस्त मिसल (जमीन महसुलाच्या बंदोबस्ताची नोंद), अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि गावची कोतवाल पंजी पाहावी. पंजीत जन्म-मृत्यू असतात, पण बाळाचे नाव बरेचदा नसते. ‘अमक्यास मुलगा’ एवढेच. मग बापाच्या नावावरून वंशावळ जुळवायची. एकाच नावाचे दोघे निघाले, तर तारखा ताडून पाहायच्या.

कागदच नसला तरी वाट बंद होत नाही. वृद्धांचे लेखी निवेदन, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही नियमांत पुरावे आहेत. ही तरतूद मला फार न्याय्य वाटते. एकाहून अधिक पुरावे जोडावेत आणि आजोबांचे निवेदन आधी लिहून घ्यावे; मिसलीची नक्कल नंतरही मिळते.