एका सेकंदात एक दिवस

दर तासाला हजेरी लावायची. दुपारी एकला, दोनला आणि रात्री एकला, दोनला, तीनलासुद्धा! तीही वर्षभर. शिक्षा वाटते ना? पण या गृहस्थाने ती स्वतःच मागून घेतली होती.

तेहचिंग शिए हा तैवानमध्ये जन्मलेला कलाकार न्यूयॉर्कमध्ये राहायचा. ११ एप्रिल १९८० रोजी त्याने डोक्याचा चकोट केला, अंगात कामगारांचा गणवेश चढवला आणि कारखान्यात असतं तसलं हजेरीचं यंत्र खोलीत बसवलं. कार्ड आत सरकवलं की ‘खट्’ करून वेळ छापणारं. तास भरला की कार्ड छापायचं आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. कॅमेरा सिनेमाचा, पण दर वेळी टिपायचा एकच चित्र.

आता गंमत बघा. दिवसाचे तास २४. पडद्यावर सिनेमा चालतो तोही सेकंदाला २४ चित्रं या वेगाने. म्हणजे त्याचा अख्खा दिवस एका सेकंदात सरतो! आणि वर्ष? जेमतेम सहा मिनिटांत. तुमची मधली सुट्टीसुद्धा याहून मोठी असते.

पण चकोट कशाला? आपले केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. रोज आरशात बघून ते कुणाला कळणार? या फितीत मात्र केस सरसर वाढत खांद्याकडे पोचतात. शेजारी यंत्रावरच्या घड्याळाचे काटे गरगर फिरत असतात, पण मला विचाराल तर खरं घड्याळ त्याचं डोकंच!

आणि झोप? आधी हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची, असं झोपेचं एक चक्र पुरं व्हायला सुमारे दीड तास लागतो. हा तर तासाच्या आत उठायचा. (आपण सकाळच्या एका गजरावर केवढी कुरकुर करतो!) बाहेर जायचं तरी तासाभरात परत येता येईल इतकंच लांब.

वर्षाचे तास ८७६०. मग हजेऱ्याही तेवढ्याच लागल्या? छे! १३३ हुकल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत, कारणांसकट मांडल्या. झोप लागून गेली म्हणून ९४. उशीर झाला म्हणून २९. आणि उरलेल्या १०? त्या वेळेच्या आधीच छापल्या, म्हणून बाद!