सीट मागे घेण्यापूर्वी

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे थेट विमान पंधरा-सोळा तास आकाशात असते. मुलांकडे, नातवंडांकडे निघालेले आपल्यापैकी बहुतेक ज्येष्ठ हा प्रवास इकॉनॉमी वर्गातून करतात. तेथे सीटच्या एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर साधारणतः ३० ते ३२ इंच असते. सीटची जाडी, आपले गुडघे आणि जेवणाचा ट्रे, सारे त्यातच सामावायचे. अशा वेळी पुढच्या प्रवाशाने बटण दाबून पाठ चार-पाच इंच मागे नेली, तर मागच्याची अडचण होणे साहजिकच आहे.

हे चार-पाच इंच नेमके कोणाचे? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्यावरून मोठे तंटे झाले आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने पुढची सीट मागे येऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिकचे एक छोटे साधन अडकवले. वाद वाढला, पुढच्या बाईंनी त्याच्यावर पाणी फेकले आणि अखेर विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली उतरवण्यात आले. विशेष म्हणजे दोघेही जादा जागेच्या सीटवर बसलेले होते.

हक्क आणि त्याची किंमत

पुढचा म्हणतो, "बटण माझ्या सीटला आहे, तिकिटाचे पैसे मी मोजले आहेत." मागचा म्हणतो, "माझ्या गुडघ्यांपुढची जागाही माझ्याच तिकिटात आहे." दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचा एक प्रसिद्ध विचार असा, की देवघेव सहज होत असेल तर हक्क आरंभी कोणाकडेही असो, तो शेवटी अधिक किंमत देणाऱ्याकडे जातो. अमेरिकेतील कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१४ मध्ये सीटच्या बाबतीत लोकांना प्रश्न विचारून हे पडताळून पाहिले. सीट मागे घेण्याचा हक्क पुढच्याचा मानला, तेव्हा तो सोडण्यासाठी पुढच्यांनी सरासरी ४१ डॉलर मागितले. मागचे मात्र १८ डॉलरच द्यायला तयार होते. मग हक्क मागच्याचा मानला, तेव्हा मागच्यांनी ३९ डॉलर मागितले आणि पुढचे १२ डॉलरवर थांबले. म्हणजे हक्क ज्याच्या हाती, त्याला तो सोडवत नाही. परंतु पैशांऐवजी मागच्याने खाण्यापिण्याचे काहीतरी देऊ केले, तर सुमारे तीन-चतुर्थांश लोक सीट मागे न घेण्यास राजी झाले. पैशाने जे साधले नाही, ते थोड्या आपुलकीने साधले.

रेल्वेने काढलेला मार्ग

आपल्याला हा पेच नवा नाही. रेल्वेच्या डब्यात मधला बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. तेथे रेल्वेने हक्काचा वाद न घालता वेळ ठरवून दिली. रात्री १० ते सकाळी ६ झोपायचे आणि एरवी बर्थ मिटवून सर्वांनी बसायचे, असा २०१७ पासूनचा नियम आहे. आजारी, दिव्यांग आणि गर्भवती प्रवाशांना समजून घ्यावे, असेही त्यात सांगितले आहे.

विमानात असे वेळापत्रक लावलेले नसते. तरीही रात्रीच्या लांबच्या प्रवासात ते आपल्याला ओळखता येते. विमान उडताना व उतरताना सीट सरळ ठेवणे बंधनकारकच असते, कारण संकटसमयी मागच्या ओळीला चटकन बाहेर पडता आले पाहिजे. जेवणाच्या वेळीही सीट सरळच हवी. जेवण आटोपले, ट्रे उचलले गेले आणि दिवे मंद झाले की झोपेची वेळ झाली असे समजावे. तेव्हा पाठ मागे नेण्यात काहीही गैर नाही. मात्र आधी मागे वळून पाहावे, एक शब्द विचारावा आणि मग पाठ हळूहळू न्यावी. झटक्याने मागे आलेल्या सीटमुळे चहा सांडतो, मांडीवरचे मूल दचकते.

जैन भोजन मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. विशेष आहाराचे ट्रे बहुधा इतरांच्या आधी येतात. त्या वेळी पुढच्या प्रवाशाला जेवण सुरू झाल्याची कल्पनाही नसते. त्याला दोष न देता सीट सरळ करण्याची विनंती करावी.

मागे बसणाऱ्याचेही कर्तव्य आहे. उठताना पुढच्या सीटची पाठ धरून ओढू नये. स्वतःच्या सीटच्या हातांवर भार देऊन उठावे. उठणे टाळू मात्र नये. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. हा धोका एरवी अल्प असला, तरी अधूनमधून चार पावले चालणे हितकारक आहे.

संकोच नको

आपल्या पिढीची खरी अडचण संकोचाची आहे. इंग्रजी जमणार नाही, समोरचा काय म्हणेल, या विचाराने कित्येक आजी-आजोबा पाय आखडून रात्र काढतात, जेवणही धड करीत नाहीत. वास्तविक ट्रेकडे बोट दाखवून हसून हात जोडले तरी समोरच्याला कळते. त्याने ऐकले नाही, तर सीटला धक्के देऊ नयेत. डोक्यावरचे बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवावे. मुंबईच्या विमानांत हिंदी जाणणारे कोणी ना कोणी बहुधा असते. जेवणाच्या वेळी सीट सरळ करण्यास सांगणे त्यांच्या नित्याच्या कामातलेच आहे.

तिकीट काढून देणाऱ्या मुला-मुलींनाही एक विनंती. आई-वडिलांसाठी शक्यतो मार्गिकेकडील सीट निवडा. शेवटच्या ओळीतील आणि संकटकालीन दारांच्या पुढच्या ओळीतील सीट बहुधा मागे जात नाहीत, तेव्हा त्या टाळा. निघण्यापूर्वी सीटचे बटण कोठे असते आणि कर्मचाऱ्यांना बोलावण्याचे कोठे, हे त्यांना चित्र दाखवून समजावून द्या. पासपोर्ट, व्हिसा, औषधे यांच्या यादीत या पाच मिनिटांचीही नोंद असू द्या.