पाणी देणाऱ्याची झोप

जयपूरजवळील दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्था कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना मुख्यतः हुमणीवरील कामामुळे परिचित आहे. येथील रेताड जमिनीत होलोट्रिचिया कन्सँग्विनिया ही प्रजाती प्रमुख. पहिल्या सरी कोसळल्या की तिचे भुंगेरे सूर्यास्तानंतर जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, खेजडी, बोर अशा झाडांवर जमतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. त्यांच्या दिनक्रमाचा आपण बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांना वेचणाऱ्या शेतकऱ्याच्या दिनक्रमाकडे मात्र आपले लक्ष कमी असते.

पावसाळ्यातील जागरण थोड्या दिवसांचे. रब्बीतील लांबते. मोहरी, गहू, जव यांच्या पाण्याची पाळी विजेच्या वेळेवर ठरते आणि वीज अनेकदा रात्रीच येते. जानेवारीत जयपूर परिसराचे किमान तापमान बहुधा एक अंकी असते. त्या थंडीत शेतकरी फावडे घेऊन ओल्या सरीत उभा असतो. महाराष्ट्रात दारे धरणाऱ्याला किंवा बारे देणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

या जागरणाचा परिणाम आपण केवळ थकव्यात मोजतो. संशोधन त्यापलीकडे गेले आहे. जखमेभोवती येणारी सूज व लाली हा दाह. तो शरीराच्या संरक्षणाचा भाग असून काम संपताच ओसरतो. झोप दीर्घकाळ बिघडली की मात्र मंद स्वरूपाचा दाह शरीरात टिकून राहू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील मायकेल अर्विन व सहकाऱ्यांनी ७२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत ५०,००० हून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्यांची झोप बिघडलेली होती, त्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे निदर्शक अधिक आढळले. प्रयोगापुरत्या घडवलेल्या जागरणात मात्र असा ठळक संबंध दिसला नाही. म्हणजे एखाद्या रात्रीच्या पाळीने घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न हंगामभर विस्कटलेल्या झोपेचा आहे.

झोप आणि रोगप्रतिकार यांचे हे नाते किती जुने आहे, याचा पुरावा आमच्याच क्षेत्रातून मिळतो. जैविक घड्याळाच्या जनुकीय यंत्रणेच्या शोधासाठी २०१७ चे नोबेल मिळाले, ते ड्रोसोफिला या फळमाशीवरील कामाला. २०१९ मध्ये याच माशीत अमिता सेहगल यांच्या प्रयोगशाळेने ‘नेमुरी’ नावाचे जनुक शोधले. त्यापासून तयार होणारा पेप्टाइड माशीला झोपवतो आणि जिवाणूही मारतो. आजारात झोप का येते, याचे इतके सुटसुटीत उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

आता मनाविषयी. आजारी जनावर वैरण सोडते, कळपापासून दूर उभे राहते, हाकेला प्रतिसाद देत नाही. पशुपालकाला ते लगेच कळते. या वागण्यामागे दाहाच्या रेणूंचा मेंदूवरील परिणाम असतो. माणसात हाच परिणाम दीर्घकाळ राहिला तर उदासी, निरुत्साह, माणसे टाळणे या रूपांत दिसू शकतो. निद्रानाश असणाऱ्यांत पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. अर्विन यांच्याच २०२१ च्या चाचणीत निद्रानाश असलेल्या, साठीपुढील २९१ व्यक्तींचा तीन वर्षे पाठपुरावा झाला. झोपेच्या सवयी सुधारणारे वर्तनोपचार घेतलेल्या गटात नैराश्य १२.२ टक्के, तर केवळ झोपेविषयी माहिती दिलेल्या गटात २५.९ टक्के आढळले. शेतकऱ्याच्या मनावरील ताणाला कर्ज, बाजारभाव, पाऊस अशी मोठी कारणे आहेत. ती झोपेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही झोप हा त्यातील असा दुवा आहे की ज्यावर काही उपाय करता येतो.

खरा उपाय दिवसा वीज हाच. पीएम-कुसुम योजनेतील शेतजमिनीवरचा देशातील पहिला सौर प्रकल्प २०२१ मध्ये तेव्हाच्या जयपूर जिल्ह्यातील कोटपुतलीजवळ भालोजी येथे सुरू झाला. क्षमता एक मेगावॅट. महाराष्ट्राची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची आहे आणि शेतीला दिवसा वीज हाच तिचा उद्देश. अशा प्रकल्पांचा लेखाजोखा मेगावॅटमध्ये निघतो. वाचलेल्या रात्रीही त्यात मोजल्या जाव्यात, असे मला वाटते.

तोवर, भुंगेरे वेचणे सूर्यास्तानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत उरकावे. ते तेव्हाच झाडांवर जमलेले असतात, रात्रभर जागण्याची गरज नसते. रात्रीच्या पाळ्या शेजाऱ्यांशी वाटून घ्याव्यात. ठिबक असेल तर ऑटो स्टार्टरचा उपयोग होतो. तुषार संचाच्या नळ्या हलवायला मात्र उठावेच लागते. जागरणानंतरच्या सकाळी कीटकनाशकाची फवारणी टाळावी. मात्रा मोजण्यात आणि संरक्षक साधने वापरण्यात चूक व्हायची ती अशाच वेळी.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतभेटीत एक प्रश्न आवर्जून विचारावा: पाण्याची पाळी नसते, त्या रात्री तरी झोप लागते का? आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री ती लागत नसेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर तो निद्रानाश समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवण्यास सांगावे. मन खचल्याची चिन्हे दिसत असतील, तर तीन महिने थांबू नये. टेली-मानस ही केंद्र शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.